रोजच्या भाड्याचं घर: आधी गारवा, पाणी आणि अंथरूण, मग सोफा

दादा, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जळगावात साडेआठशे चौरस फुटांचा दोन बेडरूमचा फ्लॅट, तिसरा म्हणजे शेवटचा मजला, हॉलची खिडकी आणि मोठ्या बेडरूमची भिंत पश्चिमेला, वर सरळ गच्ची. तो दिवसाच्या भाड्याने द्यायचाय. हातात साडेचार लाख आहेत. थीम कोणती घ्यावी, सोफा एल आकाराचा घ्यावा का, आणि भिंतीला कोणता रंग द्यावा, हे विचारलंय तुम्ही.

खरी अडचण सोफ्याची नाहीच. स्वतःचं घर आपण एकदा सजवतो आणि दहा वर्षं जपतो. भाड्याचं घर मात्र आठवड्यातून चार वेळा अनोळखी माणसं वापरतात, आणि एक जण गेल्यावर दुसरा यायच्या आत, दोन-अडीच तासांत, ते पुन्हा पहिल्यासारखं करावं लागतं. म्हणून प्रत्येक वस्तू घेताना तीनच गोष्टी विचारायच्या: ही मे महिन्यात टिकेल का, बोअरच्या पाण्यात टिकेल का, आणि कामवाल्या मावशींना ही किती मिनिटांत पुसता येईल. दिसणं त्यानंतर.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. सोसायटीची लेखी परवानगी नसेल तर यातलं काहीच करू नका, पैसे अडकतील. तुम्ही किंवा तुमचं कोणी दहा मिनिटांवर राहत नसेल तर वस्तू अजून कमी आणि अजून दणकट घ्याव्या लागतील. पाहुण्यांची ओळखपत्रं घेऊन नोंदवही ठेवायची. आणि परदेशी पाहुणा उतरला तर त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन भरावी लागते. अजिंठ्यामुळे जळगाव स्टेशनावर परदेशी माणूस उतरतोच, तेव्हा हे आधीपासून माहीत असू द्या.

येणार कोण, यावर खोल्यांची मांडणी ठरते. आपल्याकडे साधारण चार प्रकारची माणसं येतात. तुळशीचं लग्न झालं की लग्नांचे पाहुणे: सहा जणांचं बुकिंग आणि आठ जण दारात. अजिंठा बघणारे: एक-दोन रात्री, सकाळी लवकर निघणार. दवाखान्यात कोणी भरती असलेले नातेवाईक: आठवडाभर, आणि त्यांना स्वयंपाकघर लागतं. चौथे कंपन्यांच्या कामासाठी आलेले तंत्रज्ञ: दोन अनोळखी सहकारी, ज्यांना एका पलंगावर झोपायचं नसतं. या चौघांना पुरेल अशी एकच मांडणी मला दिसते. मोठ्या खोलीत एक ६ बाय साडेसहा फुटांचा पलंग, लहान खोलीत ३ बाय साडेसहाचे दोन सुटे पलंग, आणि हॉलमध्ये त्याच मापाचा एक दिवाण. झाले पाच. माळ्यावर एक घडीची गादी, म्हणजे सहा. यापुढे माणूस घ्यायचा नाही, कारण पुढचा हिशोब पाण्याचा आहे आणि तो सहालाच तंग होतो.

आता गारवा. शेवटच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते खाली खोलीत सोडतो. त्यामुळे मे महिन्यात रात्री अकरालाही छताला हात लावला तर ते कोमट लागतं. अशा खोलीत एसी मोठा घेऊन भागत नाही, तो रात्रभर छताशीच भांडत बसतो. म्हणून पहिला खर्च गच्चीवर: आधी भेगा भरून घ्यायच्या, उतार नीट आहे का पाहायचा, तारेच्या ब्रशने शेवाळ आणि धूळ काढायची, मग ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या कोटिंगचे दोन हात. हे काम फेब्रुवारीत, सकाळच्या वेळी करून घ्या. भर दुपारी तापलेल्या स्लॅबवर लावलं तर रंग पकडायच्या आधीच वाळतो आणि पुढच्या पावसात पापुद्रे सुटतात. आपल्याकडच्या धुळीने पांढरं लवकर मळतं आणि मळलं की काम कमी करतं, त्यामुळे दरवर्षी होळीच्या सुमारास गच्ची एकदा धुवायची. गच्ची सोसायटीची असते, तेव्हा ही परवानगीही त्याच अर्जात मागा.

दुसरं, पश्चिमेची खिडकी. ऊन काचेतून आत आलं की पडदा कितीही जाड असो, तो स्वतःच तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. म्हणून अडवायचं ते काचेच्या बाहेर. बांबूची चिक, म्हणजे काड्यांचा गुंडाळता येणारा पडदा, बाहेरच्या बाजूने, खिडकीपेक्षा प्रत्येक बाजूला सहा इंच मोठी, दोरी आतून ओढता येईल अशी. आत साधा अस्तराचा पडदा पुरतो. वाळ्याचे पडदे छान वाटतात, वासही सुंदर, पण त्यावर पाणी मारायला माणूस लागतो. पाहुणा ते करणार नाही, आणि कोरडा वाळा नुसता कचरा गाळतो.

बेडरूम १० बाय ११ ची, म्हणजे ११० चौरस फूट. एवढ्या खोलीला एरवी एक टनाचा एसी सांगतात. वर स्लॅब, बाजूला पश्चिमेची भिंत आणि बाहेर ४४-४५ अंश असताना दीड टनाचाच घ्या. बाहेरचं तापमान चढतं तशी एसीची ताकद उतरते, त्यामुळे दुकानात फक्त स्टार बघू नका. बाहेर ५० अंशांच्या वर गेलं तरी मशीन चालतं का, हे कागदावर लिहिलेलं पाहा. कॉइल तांब्याची. बाहेरचं युनिट उत्तरेला किंवा पूर्वेला, आणि दोन खोल्यांची दोन युनिटं समोरासमोर टांगू नका, नाहीतर एकाची गरम हवा दुसरं ओढतं. व्होल्टेज वरखाली होणाऱ्या भागात स्टॅबिलायझर लागतोच. एप्रिल-मे महिन्यांत एसीची आतली जाळी दर १५ दिवसांनी धुवायची. हे मावशींच्या कामाच्या यादीत लिहून ठेवलं नाही तर होत नाही, आणि मग ‘एसी गार करत नाही’ असा शेरा मिळतो.

हॉलला एसी नको, कूलर. आपल्या कोरड्या उन्हाळ्याला मार्च ते जूनचा पहिला आठवडा कूलर उत्तम चालतो, पण त्याला समोरची खिडकी उघडी लागते, नाहीतर खोली दमट होऊन अंग चिकट होतं. ही सूचना कूलरवरच मराठी आणि हिंदीत चिकटवा. कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसवा आणि टाकीला फ्लोट लावून नळीने जोडून घ्या. पाहुण्याने बादलीने पाणी ओतायचं म्हटलं की निम्मं पाणी हॉलमध्ये. बॉडी पत्र्याची नको, फायबरची. कूलरचा शॉक ही गंमत नाही, म्हणून तीन पिनांचा प्लग, चांगलं अर्थिंग, आणि घराच्या मुख्य बोर्डावर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागताच वीज तोडणारा स्विच. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करायची, नाहीतर डासांची पैदास तुमच्याच घरात. बेडरूमचं दार उघडं ठेवून एसी आणि कूलर एकत्र चालवला तर कूलरचा ओलावा काढण्यातच एसीची ताकद जाते. म्हणून बेडरूमच्या दारांना आपोआप बंद होणारा स्प्रिंगचा क्लोजर लावा.

विजेचं एकाच दमात सांगते. दोन एसी, दोन गिझर, इंडक्शन, इस्त्री मिळून भार १० किलोवॅटच्या आसपास जातो. सगळं एकाच वेळी चालत नाही, पण लग्नाच्या सकाळी जवळजवळ चालतंच. मंजूर भार किती आहे ते बिलावर पाहा आणि गरज असल्यास आधी वाढवून घ्या. एसी आणि गिझरला वेगवेगळी ४ चौरस मिलिमीटरची वायर आणि प्रत्येकी २० अँपिअरची एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच), स्वयंपाकघरातल्या मोठ्या सॉकेटला २.५ ची, दिवे-पंख्यांना १.५ ची. पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे घ्या. जुना पंखा ७५ वॅट खातो, हा ३० च्या आसपास. फरक इन्व्हर्टरवर कळतो: चार पंखे, सहा दिवे आणि वायफाय मिळून १९० वॅट झाले, तर १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्युब्युलर बॅटरी नवी असताना साधारण सहा तास काढते. जुन्या पंख्यांवर तीच बॅटरी तीन तासांत मान टाकते. पलंगाच्या दोन्ही बाजूंना जमिनीपासून २४ ते २७ इंचांवर चार्जिंगचा पॉइंट हवा. एकाच बाजूला दिला की एक्स्टेंशन बोर्ड येतो, तो गादीवर पडतो, आणि गादीला डाग पडतो तो चहाचा नसतो, जळाल्याचा असतो.

पाण्यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण खान्देशात भाड्याची घरं सजावटीने नाही, पाण्याने बदनाम होतात. घरगुती वापराचं मान माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. सहा जणांचे ८१० झाले. उन्हाळ्यात माणूस दोनदा आंघोळ करतो आणि कूलर दिवसभरात शंभर लिटर सहज पितो, म्हणजे हजार लिटर धरा. नळाला पाणी तीन-चार दिवसांआड येत असेल तर तुमची आत्ताची हजार लिटरची टाकी एका दिवसात तळ दाखवणार. २००० लिटरची स्वतंत्र टाकी घ्या, पण लक्षात ठेवा, दोन हजार लिटर म्हणजे दोन टन वजन. ती स्लॅबच्या मधोमध ठेवायची नाही, बीम आणि कॉलमच्या वर येईल अशी ठेवायची, आणि जागा इंजिनिअरला दाखवूनच. काळी टाकी नको. मे महिन्यात दुपारी नळ उघडला की हात पोळतो आणि पाहुण्याला वाटतं गिझर चालू राहिलाय. पांढरी, तीन थरांची टाकी घ्या, वर पत्र्याची किंवा जाळीची सावली करा. उरलेल्या दोन दिवसांच्या पाण्याची सोय, बोअर किंवा टँकर, ही बुकिंग घ्यायच्या आधीच पक्की करायची.

दुसरी गोष्ट क्षारांची. बोअरच्या पाण्याचा थेंब नळावर वाळला की पांढरा गोल डाग राहतो, आणि त्या डागावर दुसरा थेंब वाळतो. काळे मॅट नळ फोटोत झकास दिसतात, पण तीन महिन्यांत त्यांच्यावर चुन्याचे नकाशे उमटतात आणि घासले तर काळा रंगच निघतो. साधे चकचकीत क्रोमचे नळ घ्या. शॉवर मोठ्या ताटलीसारखा नको, हातात मावेल एवढा, पाण्याच्या छिद्रांना रबरी टोकं असलेला. क्षार साचले की मावशी अंगठा फिरवतात आणि छिद्र मोकळं होतं. लोखंडी छिद्रांत सुई घालत बसावं लागतं. बाथरूमला काचेचं पार्टिशन अजिबात नको, ते पुसण्यात रोजची दहा मिनिटं जातात आणि तरी ढगाळच दिसतं. गिझर १५ लिटरचा, आत काचेचा लेप असलेला. त्यात मॅग्नेशियमची एक कांडी असते, ती टाकीऐवजी स्वतः झिजते. वर्षातून एकदा उघडून कांडी पाहायची आणि कॉइलवरचा थर काढायचा. तापमान ५० ते ५५ अंशांवर बांधून ठेवा. पाणी जितकं जास्त तापतं तितका थर लवकर बसतो. महिन्यातून एकदा नळ आणि टाइल्सना लिंबूसत्त्वाचं पाणी, लिटरला दोन चमचे, लावून दहा मिनिटांनी पुसायचं. कडाप्पा किंवा संगमरवर असेल तिथे मात्र ते लावू नका, दगडाची चकाकी जाते. पिण्याला बाहेरून जार आणणं सगळ्यात सोपं, फक्त जार उचलून पालथा घालायला लावू नका, खाली ठेवून वरून बसणारा छोटा पंप मिळतो.

आता झोप. मोठी खोली १० बाय ११ फूट, म्हणजे १२० बाय १३२ इंच. पलंगाचं डोकं दहा फुटांच्या भिंतीला लावा. पलंग ७२ इंच रुंद, उरले ४८, दोन्ही बाजूंना २४-२४. एवढ्यात माणूस आडवा न होता उतरतो आणि मावशींना चादर दोन्हीकडून खोवता येते. भिंतीला चिकटवलेल्या पलंगाची चादर बदलायला दुप्पट वेळ लागतो, आणि त्या फटीत काय काय सापडतं ते विचारू नका. लांबीत पलंग आणि डोक्याची फळी मिळून ८१ इंच, उरले ५१. तिथे २४ इंच खोल कपाट केलं तर पलंग आणि कपाटामध्ये २७ इंच राहतात, आणि पल्ला उघडला की माणूस अडकतो. म्हणून कपाटच नको. दोन रात्रींच्या पाहुण्याला कपाट लागत नाही, त्याला बॅग ठेवायला जागा लागते. १८ इंच उंचीचा चार फुटी बाक, वर साडेपाच फुटांवर कपडे अडकवायचा स्टीलचा दांडा आणि सहा हँगर. बंद कपाटात विसरलेल्या वस्तू परत पाठवण्याचं कामही वाचतं.

पलंग हायड्रॉलिक बॉक्सचा घेऊ नका. पाहुण्यांची पोरं तो उघडून बघतात, बोटं चेमटतात, आणि खाली कधी झाडू जात नाही. सागाचे किंवा लोखंडी पाय, खाली आठ इंच मोकळे, म्हणजे झाडू-पोछा जातो आणि राहिलेली चप्पल उभ्याने दिसते. लहान खोलीतले दोन पलंग एकाच उंचीचे आणि खाली कडीने जोडता येतील असे करून घ्या. नवराबायको आले तर जोडून सहा फुटांचा, सहकारी आले तर सुटे. ती खोली ९ बाय १० असल्यामुळे जोडल्यावर दोन्ही बाजूंना फक्त दीड फूट राहतो. तेवढं सोसा, तिथे बाजूचं टेबल नको, भिंतीवर एक छोटी फळी पुरे.

गादी सहा इंचांची, टणक. मेमरी फोम अंगाची ऊब धरून ठेवतो, आपल्याकडे एप्रिलनंतर त्यावर झोपवत नाही. काथ्या आणि फोमची किंवा पॉकेट स्प्रिंगची चालते. गादीवर वॉटरप्रूफ कव्हर हवंच, पण वरून टॉवेलसारख्या कापडाचं. नुसत्या प्लॅस्टिकचं असलं की रात्रभर कुरकुरतं आणि पाठ भिजते. प्रत्येक गादीला दोन कव्हरं, म्हणजे एक धुण्यात असताना गादी उघडी पडत नाही.

चादरींचा हिशोब: एक अंथरलेली, एक धुण्यात, एक फडताळात. प्रत्येक पलंगामागे तीन. मे महिन्यात चादर दोन तासांत वाळते, त्यामुळे मालकांना वाटतं दोन पुरतील. जुलैत तीच दोन दिवस ओली राहते आणि तिला वास मारतो, म्हणून पावसाळ्यासाठी मोठ्या पलंगाला चौथी ठेवा. सहा फुटी पलंगाला चादर १०८ बाय १०८ इंच घ्या. ७२ रुंदी, दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच गादीची जाडी, आणि खोवायला बारा-बारा. बाजारात ९० बाय १०८ ची ‘डबल’ म्हणून विकतात, ती दोन्हीकडे जेमतेम तीन-तीन इंच खोवली जाते आणि सकाळपर्यंत गोळा होते. उशा आठ, अभ्रे २४. टॉवेल ३० बाय ६० इंचाचे, माणशी तीनच्या हिशोबाने १८, जाडी ४५० ते ५०० जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन). त्याहून जाड टॉवेल हॉटेलात छान वाटतो कारण तिथे वाळवायचं मशीन असतं.

पांढरंच का, असं लोक विचारतात. पांढरी चादर ब्लीच करता येते आणि एक फाटली तर तशीच दुसरी मिळते. पण खान्देशातलं लग्न म्हणजे हळद, मेंदी आणि केसांचं तेल. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, कारण साबणाच्या क्षाराने हळदीचा रंग बदलतो. तो लाल डाग बघून मावशी घासत बसतात आणि कापड विरतं. घासायचं नाही. साधं धुऊन कडक उन्हात दोनदा वाळवायचं, हळद उन्हाला टिकत नाही. तेलाचे अभ्रे वाळू न देता गरम पाण्यात धुण्याच्या सोड्यात अर्धा तास भिजवायचे. मेंदी मात्र बहुतेक वेळा जात नाही. म्हणून लग्नाचं बुकिंग आलं की पांढरा संच उचलून गडद मरून किंवा विटकरी सुती संच घालायचा, आणि तोंड पुसायला चार लहान काळे रुमाल बाथरूममध्ये ठेवायचे. लिपस्टिक आणि काजळ त्यांच्यावर जातं. पांघरायला सोलापुरी चादर, माणशी एक. हिवाळ्यात इकडे पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा वर एक हलकी रजाई, तीही सुती खोळ घालून. पायथ्याशी आडवी घालायला गोधडी शिवून घ्या. रंगीत तुकड्यांत डाग लपतो, धुता येते, आणि खोली आपल्या मुलखातली वाटते.

हॉलवर फार बोलत नाही. एल आकाराचा सोफा नको, तो एका कोपऱ्यात बसला की पुन्हा हलत नाही, आणि सहा जणांचं जेवण खाली बसून होतं तेव्हा जागा हवी असते. सागाच्या चौकटीचा तीन जणांचा सोफा घ्या, सुटे कुशन, चेनची कव्हरं, कव्हरांचा दुसरा जोड. बैठकीचा फोम ४० घनतेचा, पाठीचा ३२ चा चालतो. रेक्झिन पुसायला सोपं म्हणून दुकानदार गळ्यात मारतो, पण आपल्या उन्हाळ्यात ते अंगाला चिकटतं आणि दोन-तीन वर्षांत पापुद्रे सुटतात. जेवणाचं टेबल चार बाय अडीच, वर सनमाईक, एका बाजूला बाक. काच नको, टेबलक्लॉथ नको. पाहुणा रात्री शेवभाजीचं पार्सल आणणार, तर्री सांडणारच, आणि सनमाईकवरची तर्री एका फडक्यात जाते. गालिचा तर विसराच.

फर्निचर सुताराकडून करत असाल तर प्लाय ओल धरणारी नको, निदान बीडब्ल्यूआर दर्जाची, म्हणजे उकळत्या पाण्यालाही दाद न देणारी. पार्टिकल बोर्डच्या तयार वस्तू स्वस्त असतात, पण रोज पोछा लागला की खालची कड फुगते. घ्यायच्याच असतील तर चार इंचाचे प्लॅस्टिकचे पाय लावून घ्या. उघड्या फळ्या कमीत कमी ठेवा. मे महिन्यात एक वावटळ आली की प्रत्येक फळीवर बोटाने नाव लिहिता येतं.

स्वयंपाकघर चहा, खिचडी, दूध तापवणं, पार्सल वाढणं एवढ्यापुरतं. घरगुती गॅसची टाकी धंद्याच्या जागेत वापरायला नाही, म्हणून इंडक्शन, आणि त्यावर चालतील अशी सपाट बुडाची स्टीलची भांडी: दोन पातेली, एक कढई, एक तवा, तीन लिटरचा कुकर. ताटं, खोलगट वाट्या, पेले, चमचे प्रत्येकी आठ, सगळं स्टीलचं. वाट्या खोलगट कशाला, तर शेवभाजीच्या त्या तर्रीसाठी. पाहुण्यांनी वांग्याचं भरीत करायचं म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणा. वांगी भाजल्याचा वास पडद्यांत तीन दिवस राहतो.

भिंतींना पांढरट रंग, धुता येईल असा, आणि त्याचा एक लिटरचा डबा व कोड नंबर जपून ठेवा. बॅगा घासून दारामागे काळे पट्टे पडतातच, तेवढा भाग दोन महिन्यांनी पुन्हा मारायचा असतो. थीमबद्दल माझं मत विचाराल तर थीम नको. अजिंठ्यातल्या पद्मपाणीचं छापील चित्र प्रत्येक लॉजमध्ये आहे. त्यापेक्षा हॉलच्या भिंतीवर चौकटीत एक मोठा हाताने काढलेला नकाशा लावा: स्टेशन, बसस्थानक, गांधी तीर्थ, पद्मालय, मुक्ताईनगर, पाटणादेवी, अजिंठा साठेक किलोमीटर. आणि त्याखाली ठळक अक्षरांत, अजिंठा लेणी सोमवारी बंद. लोक फोटो काढतात तो याच भिंतीपाशी.

साडेचार लाख कसे वाटायचे, तर माझा अंदाज असा. दोन एसी, स्टॅबिलायझर आणि बसवणं ८५ हजार. गच्चीचं कोटिंग २०. वीज, इन्व्हर्टर, पंखे ६०. टाकी, गिझर, नळ ४०. पलंग, दिवाण आणि गाद्या ९०. चादरी, टॉवेल, उशा ३५. सोफा, टेबल, बाक ४५. पडदे, चिक आणि कूलर २०. फ्रिज आणि स्वयंपाकघर ३५. उरलेले २० हजार हात लावायचे नाहीत, पहिल्या तीन महिन्यांत काय तुटतं ते पाहून खर्च करायचे. दुकानाप्रमाणे आकडे खालीवर होतील, पण निम्मी रक्कम लोक बघतही नाहीत अशा गोष्टींवर जाते, ते तसंच राहू द्या. धुण्याचं मशीन यात नाही. चादरी लॉन्ड्रीत द्या, मोजून, वहीत लिहून.

एक बंद कपाट मात्र तुमच्यासाठी लागेल: ३ बाय २ फूट, सात फूट उंच, दाराजवळ, कुलूप तुमचं. त्यात चादरी, साबण, बल्ब, एक सुटा नळ, झाडू, लिंबूसत्त्व. मावशींना सामान शोधत फिरावं लागलं नाही तर दोघी मिळून दीड तासात घर तयार करतात. सकाळी ११ ला जाणारा आणि दुपारी २ ला येणारा पाहुणा, या वेळापत्रकात तो दीड तास बसतो. एकच मावशी असतील तर अडीच तास धरा आणि येण्याची वेळ ३ करा.

कामाचा क्रम चुकवू नका. गच्ची, मग वीज, मग नळ, मग रंग, मग पलंग, आणि पडदे शेवटी. पडदे आधी लावले की रंगाचे थेंब त्यांच्यावरच पडतात. चिकेचं माप मात्र रंगाच्या आधी घ्या, कारण तिचे हुक भिंतीत बाहेरून ठोकावे लागतात.

लहान खोलीचा दरवाजा कोणत्या भिंतीला आहे आणि तुमच्या बिलावर मंजूर भार किती लिहिलाय, हे दोन कळवा. दरवाजा दहा फुटांच्या भिंतीला असेल तर जोडलेला पलंग त्याला अडेल, आणि वर दिलेली मांडणी ९० अंशांत फिरवावी लागेल.